कडूबाकाकांचा घोटा

आमच्या गावाला माणसाच्या तोंडाकडे बघायची फार सवय. कोण हसलं, कोणाचं तोंड उतरलं, कोण कोणाला बघून थुंकलं, सगळं गावाला तोंडपाठ. पायांकडे मात्र कुणी बघत नाही. बघितलं असतं तर माझ्या चुलतीची इतकी वर्षं वाया गेली नसती आणि चुलत्याचा पायही कदाचित वाचला असता. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सांगताना आवाज चढला तर सांभाळून घ्या.

गाव हसनाबादच्या पुढे, नदीकाठी. कडूबाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आजीची आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून ह्यांचं नाव कडूबा ठेवलं, कडू वस्तू यमसुद्धा तोंडात घालत नाही म्हणून. काका मोठे झाले ते चांगले धिप्पाड झाले. मोहरमात गावची सवारी तेच उचलायचे. सवारी म्हणजे उंच काठीवर बसवलेला चांदीचा पंजा, त्याला गुंडाळलेली रंगीत वस्त्रं, फुलांचे सेहरे. निजामाच्या राज्यात आमच्याकडे मोहरम हा एकट्या मुसलमानांचा सण नव्हताच. सवारी जिथं ठेवायचे त्या आशुरखान्याची देखभाल करणारे मुजावर इस्माईलभाई, सवारी उचलणार आमचे काका, आणि मोहरमाचे गोड चोंगे तर घरोघरी तळले जायचे.

आशुरखान्यासमोर एक खड्डा असायचा, त्याला अलावा म्हणायचे. रात्रभर त्यात बाभळीची लाकडं जाळायची आणि तांबडं फुटता फुटता निखारे पसरून सवारी त्यावरून न्यायची. पुढे सवारी घेतलेले काका, मागे त्यांच्या शेल्याचं टोक धरून नवस बोललेली माणसं. सगळी अनवाणी. ज्याचं मन साफ, त्याला निखारा पोळत नाही, असा गावाचा कायदा. पोळायचं ते पुष्कळांना पोळायचं. पण ओठ चावून गप्प बसायचे आणि घरी जाऊन तुपात हळद कालवून लावायचे, हे मला पुढे एकेकानं सांगितलं. काका मात्र खरंच ओठ चावत नसत. ते त्या विस्तवावरून असे चालायचे की जणू शेताच्या बांधावरून चाललेत. गाव त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि हात जोडायचं.

तुळजाकाकू ही त्यांची बायको. बारीक चणीची, कमी बोलणारी. तिला एकच मुलगा, रामकिसन. एका वर्षी मोहरम ऐन वैशाखात आला, तेव्हा तो तापानं फणफणला होता. झाडपाला झाला, अंगारा झाला. शेवटी काकूनं नवस केला की काकांच्या मागं अलाव्यातून चालते, पण लेकराचा ताप उतरू दे. बायका सहसा विस्तवावर जात नसत. पण आईला कोण अडवणार?

त्या पहाटे काका खड्ड्यात उतरताना काठाची माती ढासळली आणि त्यांचा पाय मुरगळून ते गुडघ्यावर आले. सवारी त्यांनी जमिनीला लागू दिली नाही. लगेच उठले आणि चालू लागले. लोकांनी गजर केला. मागे काकू होती. तिनं शेल्याचं टोक मुठीत धरलं होतं. निम्म्यात गेल्यावर तिच्या तोंडून किंकाळी फुटली, मूठ सुटली आणि ती बाजूला उडी मारून बाहेर पडली. काका मागे न बघता पलीकडे गेले.

दोन्ही पाय भाजले होते, उजव्याचा तळवा तर सोलून निघाला होता. त्याच आठवड्यात रामकिसन गेला.

लेकराला पुरून आल्यावर काका आशुरखान्याच्या ओट्यावर बसले आणि चारचौघांत बोलले की मी पार गेलो, हिला जाता आलं नाही. हिचं मन साफ असतं तर पोरगं वाचलं असतं. दुःखात माणूस काहीही बोलतो, हे मला कळतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं की ते बोलणं गावाचं होऊन जातं. मग कुणाच्या लग्नात काकूनं हळदीला हात लावायचा नाही. मोहरमात सवारीपुढे ऊद घालायला सगळ्या बायका जायच्या, तिनं लांब उभं राहायचं. लेकुरवाळ्या बायका तिला बघून पदराआड मूल झाकायच्या. काकूनं एका शब्दानं कुणाला विचारलं नाही, कारण तिला ते खरं वाटत होतं. आपण शेला सोडला म्हणून आपलं लेकरू गेलं, असं ती धरून चालली होती.

दर मोहरमानंतर काकांच्या तळव्यांना फोड यायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, पण काकू पाय धुवायला बसली की तिला दिसायचे. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा काका म्हणाले होते, "तुहं पाप माह्या पायाला निघून राह्यलं." त्यानंतर तिनं विचारलं नाही. हळद-तूप लावायची आणि वर अलाव्यातली राख बांधायची.

मी मच्छिंद्र, त्यांचा पुतण्या. मी जालन्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो आणि सणावाराला गावी यायचो. मोहरम दरसाल थोडा अलीकडे सरकतो. वैशाखातला तो सरकत सरकत माघात आला, आठ-नऊ वर्षं ह्यात गेली. त्या साली हुरड्याच्या दिवसांत मी गावी आलो तर काकांचा उजवा घोटा कलिंगडासारखा सुजलेला. पाऊल आतल्या बाजूला वळलं होतं, वहाण चढत नव्हती, आणि काका त्याच पायानं मोट हाकून आले होते. मी विचारलं, दुखत नाही का? ते हसले. म्हणाले, सवारीची मेहेर आहे, मला दुखणं असं नाहीच.

गावच्या हाडवैद्यानं पाय धरून ओढला होता. आत करकर आवाज झाला. काका पान चघळत त्याच्याशी ज्वारीच्या भावाचं बोलत होते. वैद्यानं पाय खाली ठेवला, कानाला हात लावला आणि म्हणाला की बाबा, हे माझ्या हातातलं नाही, जालन्याला न्या.

काकांना पायाची फिकीर नव्हती, फिकीर होती मोहरमाची. वाकड्या पायानं सवारी नीट चालणार नाही, म्हणून पाय सरळ करून हवा होता. त्यासाठी ते जालन्याला यायला तयार झाले. मी गाडी जुंपली. काकू मागे बसली, मांडीवर काकांचा पाय घेऊन, म्हणजे खाचखळग्यात आपटू नये. काका रस्ताभर वाटेतल्या शेतांची नालस्ती करत होते.

जालन्यात एका दवाखान्यात नुकतंच आतला फोटो काढायचं यंत्र आलं होतं. इंजिन लावून चालवायचे, तेव्हा गल्लीभर धडधड ऐकू यायची. तिथं उषाबाई नावाच्या डॉक्टरीण होत्या, नगरकडच्या ख्रिस्ती. बाई डॉक्टर बघून काकांनी नाक मुरडलं. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी काकांना फळीवर निजवलं, घोट्याखाली काळी पाटी ठेवली आणि हलू नका म्हणाल्या. एक फोटो समोरून, एक कडेनं. आम्हाला बाहेर काढलं होतं. काकू भिंतीला टेकून डोळे मिटून पुटपुटत होती. लेकराच्या वेळी जशी बसली होती तशीच बसली होती.

फोटो धुवून वाळेपर्यंत उषाबाईंनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. हातात कापसाची वात घेतली. म्हणाल्या, अंगाला कापूस लागला की सांगा. दंडाला लावला, काका लगेच म्हणाले लागला. गुडघ्याला लावला, लागला. मग त्यांनी पायाच्या अंगठ्याला लावला, पावलाला लावला, तळव्यावरून फिरवला. काका गप्प. बाईंनी पुन्हा कापूस उचलून पायाकडे नेला, अजून टेकवलाही नव्हता, तोच काका म्हणाले, "हां, लागला." ते अंदाजानं बोलत होते. शाळेत पाढा न येणारं पोर मास्तरांच्या तोंडाकडे बघून बोलतं तसं. बाईंनी सुई घेतली. ती तळव्यात चांगली रुतली, थेंबभर रक्त आलं, आणि काका डोळे मिटून शांत बसले होते. मी काकूकडे बघितलं. ती त्या सुईकडे बघत होती.

मग बाईंनी कोपराच्या मागची शीर चाचपली, घोट्याच्या आतल्या बाजूची चाचपली. दोन्ही दोरीसारख्या जाड झाल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. काका म्हणाले की ते सवारीची काठी धरून धरून तसं झालंय.

फोटो आले. बाईंनी ते खिडकीच्या काचेवर धरले. आधी दुसऱ्या कुणाचा तरी चांगल्या घोट्याचा फोटो दाखवला. मला वाटलं होतं काही भयंकर दिसेल, पण ते पांढुरकं चित्र सुरेख होतं. नडगीचं जाड हाड वरून आलेलं, बाहेरच्या बाजूनं बारीक हाड आलेलं, आणि दोघांनी मिळून खालच्या हाडाला कवेत घेतलेलं. मधे काळी फट, सगळीकडे सारखी. बाई म्हणाल्या, ही फट सारखी असली की घोटा शाबूत. त्या फटीत मऊ कूर्चा असते, ती फोटोत दिसत नाही, म्हणून ती जागा काळी.

मग काकांचा फोटो लावला. त्यात फट नव्हती. खालचं हाड बसलं होतं, चुरा झालं होतं, आणि आजूबाजूला ठिकऱ्या विखुरल्या होत्या. कुणी खलबत्त्यात घालून ठेचावं तसा तो घोटा होता. काका पुढे वाकून आपलाच पाय बघत राहिले. हा माझाच कशावरून, असं त्यांनी विचारलं. बाईंनी फोटोच्या कडेला उमटलेलं त्यांच्या नावाचं चिन्ह दाखवलं.

"हे एका दिवसात झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "ह्या ठिकऱ्यांच्या कडा धारदार आहेत, त्या नव्या. पण इथं बघा." त्यांनी बाहेरच्या बारीक हाडावर बोट ठेवलं. तिथं एक गाठ होती आणि हाड वाकडं सांधलेलं होतं. "ह्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात, नदीतल्या खापरीसारख्या. हे फार वर्षांपूर्वी मोडलं आणि आपलं आपण जुळलं. पाय मुरगळून पडलं की इथंच मोडतं. तुम्ही कधी पडला होतात?"

काकांनी मान हलवली. झाडावरून नाही, गाडीवरून नाही, विहिरीत नाही. आयुष्यात एकदाच पडलो, ते म्हणाले, आणि ते सांगताना त्यांची छाती थोडी फुगली. अलाव्याचा काठ ढासळला होता, पाय मुरगळला, पण सवारी जमिनीला लागू दिली नाही, उठलो आणि विस्तवातून पार गेलो. माझं पोरगं गेलं त्या सालची गोष्ट, असंही म्हणाले.

उषाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांनाही पुढचं बोलायला जड जात होतं.

"हे हाड मोडलं की माणसाला उभं राहता येत नाही," त्या म्हणाल्या. "ओरडतो, खाली बसतो. तुम्ही त्यावर उभे राहिलात, वर निखाऱ्यावरून चाललात. म्हणजे तुमच्या पायाची जाणीव तेव्हाच गेली होती. हा महारोग आहे, बाबा. तो शिरेत बसतो. आधी दुखणं नेतो, मग पाय नेतो."

बाहेर इंजिन बंद झालं होतं. काकांनी विचारलं, "मंग दुखायलाच पाह्यजे व्हतं का?"

"हो. दुखलं असतं तर तुम्ही पाय टेकला नसता. टेकला नसता तर घोटा राहिला असता."

तेवढ्यात भिंतीजवळून काकूचा आवाज आला. परक्या माणसासमोर ती बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"बाई, मीबी त्याच दिशी चालल्ते. मला पोळलं. ते कशानं?"

उषाबाईंना पोरगं गेलं एवढंच काकांच्या तोंडून कळलं होतं. नवस ठाऊक नव्हता, ओट्यावरचं बोलणं ठाऊक नव्हतं. त्यांनी काकूला खाली बसवलं, तिचा उजवा पाय हातात घेतला, तळव्यावरचा तो जुना, पांढरा, सुरकुतलेला डाग बघितला. त्यावर कापूस फिरवला. काकूनं पाय झटकन मागे घेतला.

"विस्तवावर पाय पोळणारच, बाई," त्या सहज म्हणाल्या. "तुमचे पाय चांगले आहेत."

काकूनं पदर तोंडात कोंबला आणि तिचं सगळं अंग हलायला लागलं. उषाबाईंना वाटलं, नवऱ्याच्या आजाराचं ऐकून रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि समजूत घालू लागल्या की महारोगावर कडू कवठीच्या तेलाच्या सुया आहेत, दर आठवड्याला घ्यायला या, रोग दबतो, इतका सहज लागतही नाही. गेलेला पाय मात्र परत येणार नाही. त्याला प्लास्टर घालू, पुढे काठी घेऊन टेकत चालायचं. आणि रोज संध्याकाळी दोन्ही तळवे नीट बघायचे, काटा आहे का, फोड आहे का, कारण ते पाय आता स्वतः सांगणार नाहीत. दुसऱ्या कुणीतरी बघायचे. काकू मान हलवत होती. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते खिडकीवरच्या फोटोकडे बघत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे. शेवटी मीही त्याच गावचा.

परतीच्या रस्त्यात काकूनं पुन्हा त्यांचा प्लास्टरचा पाय मांडीवर घेतला होता. वाटेत एका ओढ्यावर मी बैल सोडले. तिथं काका एवढंच म्हणाले की मच्छिंद्र, गावात आत्ताच काही बोलू नको, मी बोलतो. मला वाटलं, लपवणार. मनातून मी चिडलो. पण मी त्यांना ओळखलं नव्हतं.

दोन दिवसांनी इस्माईलभाई नेहमीप्रमाणे घरी आले. मोहरमाचा चांद दिसायला आला होता आणि सवारीची वस्त्रं काढायची होती. काका त्यांना म्हणाले, आशुरखान्यासमोर चार माणसं बोलवा. माणसं जमली, चार म्हणता म्हणता सगळं गाव जमलं. काका काठी टेकत ओट्याजवळ आले, पण ओट्यावर बसले नाहीत. काकू मागे, नेहमीच्या लांबच्या जागी उभी होती. आमच्याकडे नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. त्या दिवशी काकांनी घेतलं.

"ऐका. माहे पाय तवाच मेल्ते. म्हणून मला पोळलं न्हाई. तुळजाचे पाय जिते व्हते, म्हणून तिला पोळलं. तिचं मन तवाबी साफ व्हतं. लेकरू तापानं गेलं. मी हितंच बसून खोटं बोललो व्हतो. डॉक्टरणीनं माह्या हाडाचा फोटो काढला, त्यात सगळं हाय. मला महारोग झाला."

मला वाटलं होतं, आता कुणीतरी काकूजवळ जाईल. एखादी म्हातारी तिच्या तोंडावरून हात फिरवेल. तसलं काही झालं नाही. गावानं इतक्या बोलण्यातला एकच शब्द ऐकला, शेवटचा. पुढची माणसं दोन पावलं मागे सरली, बायकांनी पोरं उचलली. आणि पांगता पांगता कुणीतरी म्हणालं, मी ते माझ्या कानांनी ऐकलं, की बघा, बायकोचं पाप शेवटी नवऱ्याच्या अंगावर फुटलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळ्या गावाच्या तोंडी होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. हाडाचा फोटो काढता येतो, गावाचा कोण काढणार?

इस्माईलभाई तेवढे जागचे हलले नाहीत. ते काकांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, "कडूबाभाई, सवारी तुमच्या हातात मैंनेच दी थी. मैं भी तुम्हारा मुंहच देखा." त्या वर्षी त्यांनी अलावा पेटवला, पण त्यातून कुणाला चालू दिलं नाही, नुसत्या फेऱ्या घालायला लावल्या. लोक कुरकुरले. दहाव्या दिवशी त्यांनी उदाची वाटी घेऊन मला काकूकडे पाठवलं, की ये आणि आपल्या हातानं सवारीपुढे ऊद घाल, कोण अडवतं ते मी बघतो. काकू आली. ऊद घातला, हात जोडले आणि लगेच मागे फिरली. परत येताना मला म्हणाली, "मच्छिंद्र, हा मला रामकिसनसाठी घालायचा व्हता."

काकांसाठी शेतात खोप बांधली. माझ्या वडिलांनीच बांधली, बद्रीनाथ त्यांचं नाव. रडत रडत बांधली, पण बांधली. काकांचं ताट वेगळं झालं, घागर वेगळी झाली. काकूला घरात राहा म्हणाले सगळे. ती आपलं अंथरूण काखेत मारून खोपीवर निघून गेली. मी तिला विचारलं की ज्या माणसानं तुला इतकी वर्षं जाळलं, त्याच्यामागं कशाला जातेस? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो. म्हणाली, "त्याह्यचे पाय कोण बघंल?"

मी जालन्याहून महिन्या-दोन महिन्यांनी यायचो, सुयांसाठी त्यांना गाडीतून न्यायचो. प्लास्टर निघालं, पाय वाकडाच राहिला. सवारी उचलणारा तो धिप्पाड माणूस खोपीच्या दारात बसून पाखरं हाकायचा. त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. दुसऱ्यांच्या शेतांची नालस्तीसुद्धा करत नसत.

एकदा मी दिवेलागणीच्या आधी पोचलो. ऊन उतरलं होतं, अजून चांगलं दिसत होतं. काकू काकांचे तळवे बघून, धुवून, पुसून बाजूला बसली होती. मी बांधावरून बघतोय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. काका सरकत सरकत तिच्यासमोर आले आणि त्यांनी तिचा उजवा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. काकू दचकली. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, पाप लागतं. ती पाय सोडवू लागली. काकांनी सोडला नाही.

ते तळव्यावरच्या त्या पोळल्याच्या खुणेवर बोटं फिरवत होते. पुढे-मागे, पुढे-मागे, दाण्यात खडा शोधावा तशी. हाताची आणखी दोन बोटं तोवर आत वळली होती.

"तुळजा, ती खूण दिसून राह्यली," ते म्हणाले, "पर हाताला लागंना."

त्यांनी डोळे मिटून घेतले, उषाबाईंनी मिटायला लावले होते तसे, आणि पुन्हा बोटं फिरवली. बोटं खुणेवरून गेली, पलीकडे गेली, परत आली. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. काकू थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं त्यांचं बोट आपल्या हातात धरलं आणि सावकाश खुणेकडे न्यायला लागली.

बोट अजून वाटेतच होतं, तेव्हा काका म्हणाले, "हां, लागली."

काकूनं ते बोट खुणेपर्यंत नेलं, तिच्यावर टेकवलं आणि धरून ठेवलं.

"हां," ती म्हणाली, "तीच."